थ्रेड वाढवण्याआधी: पॅरलल ग्राफ अल्गोरिदममधल्या या चुका टाळा

"३२ थ्रेडवर २० पट वेग!" कशाच्या? विचारलं की कळतं, स्वतःचाच पॅरलल कोड (अनेक थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर, विभागलेला) एका थ्रेडवर चालवून केलेली तुलना आहे. ही चूक पाहून आता कंटाळा आलाय.

एका होतकरू मुलाने कनेक्टेड कंपोनंट, म्हणजे ग्राफचे आपसांत जोडलेले तुकडे, शोधणारा कोड दाखवला होता. पद्धत लेबल प्रोपगेशनची: दर फेरीत प्रत्येक नोडने (ग्राफमधल्या बिंदूने) शेजाऱ्यांमधलं सर्वांत लहान लेबल उचलायचं. सोशल नेटवर्कवर कोड सुसाट, कारण तिथे कुठूनही कुठेही मोजक्या पावलांत पोचता येतं. मग त्याने रस्त्यांचं जाळं घेतलं आणि फेऱ्या संपेचनात. लेबल एका फेरीत एकच एज (दोन नोडमधला दुवा) पुढे सरकणार, दुसरं काय होणार? त्याला म्हटलं, आणखी थ्रेड राहू देत, आधी साधं सीरियल (एकाच थ्रेडवरचं) युनियन-फाइंड लिही, म्हणजे एजगणिक गट जोडत जाणारा कोड, पाथ कम्प्रेशनसकट (गटाच्या मुळापर्यंतची वाट आखूड करत). त्या छोट्याशा कोडने एका कोरवर त्याच्या सगळ्या थ्रेडना मागे टाकलं. मॅकशेरी, आयसार्ड आणि मरे या संशोधकांनी २०१५ मध्ये नावाजलेल्या ग्राफ सिस्टिम्सचीही अशीच झडती घेतली: एका चांगल्या सीरियल कोडची बरोबरी करायला काहींना शेकडो कोर लागत होते, काहींना तीही जमत नव्हती. पण सीरियल कोड लिहायचा धीर आहे कुणाला!

दुसरी आवडती चूक म्हणजे थ्रेडना सारखे नोड वाटून दिले की काम सारखं विभागलं गेलं, असा समज. लाखो एज असलेला एखादा हब ज्या थ्रेडच्या वाट्याला येतो तो राबतो, बाकीचे बॅरियरवर (सगळे येईपर्यंत थांबायच्या टप्प्यावर) ताटकळतात. मी नोडऐवजी एज वाटून देतो. सीएसआरमधला (ग्राफ सलग साठवायच्या पद्धतीतला), प्रत्येक नोडच्या एज कुठून सुरू होतात ते सांगणारा ऑफसेट अ‍ॅरे म्हणजे आयती प्रीफिक्स सम (चालती बेरीज). त्यात बायनरी सर्च करून हद्दी ठरवायच्या. हबच्या एजही मधोमध तोडाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

एजचा इंडेक्स ६४ बिटांचाच ठेवा. २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे साधा ३२ बिटांचा इंट उलटतो. थ्रेडांचे काउंटर शेजारीशेजारी ठेवू नका, एकाच कॅश लाइनवरून (कोर एकदम उचलतो त्या मेमरीच्या तुकड्यावरून) ओढाताण होते. डीएफएस (एकेक वाट शेवटपर्यंत धुंडाळणारा शोध) जशीच्या तशी पॅरलल करायला निघालात? क्रम पाळणारी डीएफएस पी-कम्प्लीट आहे, म्हणजे ती पॅरलल करून फार वेगवान होईल अशी आशा नाही, हे संगणकशास्त्रज्ञ राइफ यांनी १९८५ मध्येच दाखवलंय. दुसरी वाट शोधा.

आणि "उत्तर दर वेळी वेगळं येतं, पण चालतंय" हे ऐकवू नका. बीएफएसमध्ये (थराथराने पुढे जाणाऱ्या शोधात) पॅरेंट, म्हणजे नोडपर्यंत आणणारा आधीचा नोड, बदलला तर हरकत नाही, लेव्हल, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, बदलता कामा नये. मी प्रत्येक रननंतर लेव्हल सीरियल उत्तराशी ताडून पाहतो. त्या जुळेपर्यंत घड्याळाकडे बघतसुद्धा नाही.