वारशाचं अनुभव-दालन उभारताना: प्रोजेक्टर घेण्याआधी आणि घेतल्यावर

परिसराच्या वारशाची ओळख भिंतीवर पाडलेल्या चित्रांतून आणि आवाजांतून करून देणाऱ्या दालनांची आखणी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी प्रोजेक्टरची ऑर्डर जाते, मग त्यावर काय दाखवायचं याची शोधाशोध. हाती लागते एक लांबलचक माहितीफीत, जी घरी बसूनही पाहता येते. म्हणून आधी एक वाक्य लिहा: इथून बाहेर पडलेल्या माणसाने परिसरात कुठे जावं आणि तिथे काय ओळखावं? 'जुन्या दगडी पुलापाशी जाऊन पाथरवटांच्या खुणा शोधाव्यात', इतकं नेमकं. वाक्यात दोन ठिकाणं आली तर एक गाळा. बाहेरच्या दारापाशी त्या ठिकाणाचा नकाशा, अंतर, उघडण्याच्या वेळा आणि सुट्टीचे दिवस लावा, आणि ती पाटी सहज बदलता येईल अशी ठेवा. वेळा बदलतात, पाट्या मात्र वर्षानुवर्षं तशाच राहतात.

नंतर गर्दीचं गणित. उभ्या माणसामागे 2 चौरस मीटर धरले तर 30 चौरस मीटर मोकळ्या जागेत 15 जण मावतात. खेळ (भिंतीवरच्या चित्र-आवाजाचा एक प्रयोग) 6 मिनिटांचा आणि आत-बाहेर व्हायला 2 मिनिटं, म्हणजे फेरी 8 मिनिटांची. तासात 7 फेऱ्या, 105 माणसं. 45 जणांची बस एकदम आली की तिसरा गट 16 मिनिटं ताटकळतो. खेळ 12 मिनिटांचा केलात तर हीच वेळ 28 मिनिटांवर जाते. खेळ लांबवायचा आग्रह कोणी धरला की हा हिशोब पुढे करा.

दारात पडदा लावू नका. तो मळतो, अर्धवट उघडा राहतो आणि व्हीलचेअरला अडतो. त्याऐवजी दोन वळणांची, आतून काळ्या मॅट रंगाची वाट करा, किमान 1.5 मीटर रुंद. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून वाटेतला उजेड टप्प्याटप्प्याने कमी करा. पहिलं दृश्य दारासमोर नको. लोक तिथेच थबकतात आणि मागची रांग तुंबते.

आता प्रोजेक्टर. चित्राची रुंदी गुणिले लेन्सचं थ्रो-गुणोत्तर म्हणजे भिंतीपासूनचं अंतर. 4 मीटर रुंद, 2.5 मीटर उंच चित्र 0.8 गुणोत्तराने हवं असेल तर प्रोजेक्टर 3.2 मीटरवर येतो. मधे उभ्या माणसाची सावली पडते, म्हणून 0.4 किंवा त्याहून कमी गुणोत्तराची लेन्स घ्या आणि प्रोजेक्टर वर टांगा. भोकं पाडण्यापूर्वी जमिनीवर टेप लावून, उंच माणूस उभा करून सावली तपासा. चित्र तिरकं आलं तर ते लेन्स-शिफ्टने, म्हणजे लेन्सच सरकवून, सरळ करा; कीस्टोनने, म्हणजे चित्रच डिजिटल पद्धतीने आक्रसून केलं तर पिक्सेल वाया जातात. उजेडाचा हिशोब सोपा आहे: प्रोजेक्टरचा एकूण उजेड 5000 ल्युमेन, भागिले चित्राचे 10 चौरस मीटर, म्हणजे भिंतीवर 500 लक्स. दिव्याचं वय आणि धूळ यांमुळे तो निम्म्यावर आला तरी काळोख्या खोलीत चालतो.

दोन प्रोजेक्टर जोडताना चित्रं 15 टक्के एकमेकांवर येऊ द्या. 4 मीटरच्या दोन चित्रांची जोड मग 7.4 मीटर भरते. इथे एक अडचण हमखास येते. प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, त्यामुळे रात्रीच्या दृश्यात जोडावर करडा पट्टा उमटतो. संपूर्ण काळोखाची दृश्यं टाळणं हा सर्वांत स्वस्त उपाय. मजकूरही भिंतीवर दाखवू नका: 1920 पिक्सेल 4 मीटरवर पसरले की एक पिक्सेल 2 मिलिमीटरचा होतो आणि जवळून अक्षरं दातेरी दिसतात. मजकूर छापील पाटीवर घ्या, एका पाटीवर साधारण 60 शब्द.

जुनं कापड, कागद किंवा जलरंगातलं चित्र त्याच खोलीत ठेवणार असाल तर जपा. अशा वस्तूंवर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, आणि वरच्या हिशोबातला प्रोजेक्टर त्याच्या कितीतरी पट उजेड टाकतो. ही हानी साचत जाते, परत भरून येत नाही. अस्सल वस्तू बाजूच्या कोनाड्यात ठेवा, खेळात प्रतिकृती वापरा.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या, कारण चित्रापासून नजर वळवता येते, कान मिटता येत नाहीत. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. समोरासमोरच्या भिंतींमधून फडफडल्यासारखा प्रतिध्वनी आला तर एका भिंतीवर कापडाखाली 50 मिलिमीटर जाडीची खनिज लोकर बसवा. नुसता गालिचा वरच्या पट्टीचे आवाज शोषतो, पण निवेदनाचं घुमणं जात नाही. परिसरातले पाणी, पक्षी, अवजारं यांचे आवाज त्याच जागी मुद्रित करा आणि वेगळ्या लांबीच्या तुकड्यांत वाजवा. 7, 11 आणि 13 मिनिटांचे तीन तुकडे एकाच वेळी फिरू दिले तर तीच जुळणी 1001 मिनिटांनी परत येते. दिवसभर तिथे बसणारा कर्मचारी याबद्दल दुवा देईल. कारागिरांचे किंवा गायकांचे आवाज घेताना लेखी संमती घ्या, आणि नंतर ते काढून टाकायला सांगण्याचा हक्क त्यात लिहा. निवेदनाचा मजकूर छापूनही ठेवा. ऐकू न येणाऱ्यांना तोच आधार.

आगीची सूचना वाजली की खेळ आपोआप थांबून दिवे पूर्ण लागले पाहिजेत. बाहेर जाण्याच्या खुणा कधीही मंद करू नका, काळोख बिघडत असला तरी.

प्लास्टरपूर्वी प्रत्येक प्रोजेक्टरपर्यंत एक रिकामी नळी जास्तीची टाका. लांब पल्ल्यासाठी चित्र वाहून नेणारी साधी एचडीएमआय केबल बेभरवशाची, फायबर-ऑप्टिक केबल घ्या. सगळी यंत्रणा एका बटणावर चालू-बंद व्हावी, वीज गेल्यावर स्वतःहून उठावी. प्रोजेक्टरच्या फिल्टरपर्यंत शिडीने पोहोचता येतं ना, हे बसवतानाच पाहा. न पोहोचलेला फिल्टर कोणी साफ करत नाही, मग यंत्र तापून मधेच बंद पडतं. चित्रफिती आणि मांडणीच्या फायलींची प्रत दालनाबाहेर ठेवा, सोबत चालू करण्याचे टप्पे लिहिलेलं एक पान.