पोर्ट फॉरवर्डिंग सगळं बरोबर, तरी बाहेरून पोर्ट बंदच: माझा अनुभव

घरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा बॉक्स) बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून बघायचा होता. राऊटरमध्ये पोर्ट ८००० फॉरवर्ड केला (म्हणजे त्या पोर्टवर बाहेरून येणारी रिक्वेस्ट डीव्हीआरकडे पाठवायची), घरात सगळं चालतं, पण बाहेरून चेक केलं की पोर्ट क्लोज्ड. फायरवॉल बंद करून पाहिली, पोर्ट बदलला, राऊटर रिसेटही मारला. तीन रात्री डोकं पिकलं नुसतं.

मग राऊटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (राऊटरला इंटरनेटच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघितला तर १९२.१६८.१.५, हा तर खासगी नेटवर्कचा पत्ता! म्हणजे इंटरनेट कंपनीचा फायबर मोडेम स्वतःच राऊटर बनून बसलेला आणि माझा राऊटर त्याच्या मागे, डबल नॅट (एकामागे एक दोन ठिकाणी पत्ते बदलणं), त्यामुळे बाहेरची रिक्वेस्ट मोडेमवरच अडत होती.

आधी मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे तो राऊटरचं काम सोडून फक्त कनेक्शन पुढे देतो (माझ्या लॉगिनमध्ये तो ऑप्शनच नव्हता, कस्टमर केअरकडून करून घेतला, पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या कनेक्शनला लॉगिन करायचा युजरनेम पासवर्डही तेव्हाच मागून घ्या). मग राऊटरमध्ये वॅन टाईप पीपीपीओई करून ते टाकले, दोन्ही रिस्टार्ट. आता वॅन आयपी आणि गूगलवर दिसणारा आयपी सेम आला. नंतर डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये डीव्हीआरचा आयपी फिक्स केला (म्हणजे राऊटर त्याला दरवेळी तोच पत्ता देतो) आणि फॉरवर्डिंगचा रूल त्याच आयपीवर नव्याने टाकला, प्रोटोकॉल टीसीपी.

टेस्ट मोबाईल डेटावरून करा, घरच्या वायफायवरून बरेच राऊटर आपलाच पब्लिक आयपी उघडू देत नाहीत. आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तो सीजीनॅट (कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते), तिथे हे काही चालणार नाही, कंपनीकडून पब्लिक आयपीच घ्यावा लागतो. डीव्हीआरचा डिफॉल्ट पासवर्ड मात्र आधी बदला.