वजन कुठून कमी केलंय, ते आधी शोधा

हलकी, स्वस्त बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे बोल्ट नावाचा दांडा दर वेळी हातानं मागे-पुढे करून काडतूस भरायची, नवी घेतली की लोक पहिल्यांदा तीन भोकांचा कागद घेऊन येतात. शंभर मीटरवर तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या, म्हणजे रायफल पास. मी बावीस वर्षं आर्मरर होतो, हत्यारं उघडण्या-जोडण्यातच केस पिकले. तो कागद मी बघतो, छान म्हणतो आणि रायफल मागून घेतो.

कारण आजच्या स्वस्त रायफलीची नळी बहुधा चांगलीच असते. आत साच्याची दांडी घालून बाहेरून यंत्राच्या हातोड्यांनी नळी ठोकली की गोळीला फिरकी देणारे आतले आटे आपोआप उमटतात, कारागिराचा वेळ वाचतो. १९५८ साली सॅव्हेज ११० ही रायफल आली, तेव्हा निकोलस ब्रूअरनं नळी एका नटानं कसायची सोय केली. हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि आतलं काडतूस यांच्यातलं अंतर, जुळवायला मग उस्तादाचा हात लागेनासा झाला. तिथे पैसे वाचले आणि काही बिघडलं नाही. काटकसर दिसते ती दस्त्यात (खांद्याला लागतो आणि नळीखाली पुढे जातो तो भाग), मॅगझिनमध्ये, बोल्टच्या घासणीत. आणि वजन कमी केलेलं असतं ते नळी बारीक करून आणि दस्ता पोकळ ठेवून. म्हणून तपासणी तिथून सुरू करायची.

आधी रायफल रिकामी आहे ना ते बघा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यानं बघा आणि बोटही घाला. दुकानदारानं आत्ताच बघितली असली तरी. काडतुसांचा डबा या वेळी दुसऱ्या खोलीत.

मग वजन. जाहिरातीतलं २.७ किलो हे नुसत्या रायफलीचं. त्यावर स्कोप (नेमाची दुर्बीण) आणि तो धरणाऱ्या रिंगा मिळून अर्धा किलो, पट्टा, आणि .३०८ या मापाची पाच काडतुसं म्हणजे आणखी सव्वाशे ग्रॅम. खांद्यावर जे चढणार तेच काट्यावर ठेवा. हलकेपणाचं मोलही इथेच मोजून घ्या: काडतूस तेच ठेवून रायफल ३.६ वरून २.७ किलोवर आणली, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशानं वाढते. हे कुणाचं मत नाही, साधं गणित आहे. दिवसभर चढ चढणाऱ्याला हा सौदा परवडतो. मचाणावर बसून राहणाऱ्यानं तो का करावा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

स्कोप बसवल्यावर डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. चित्र पूर्ण दिसलं तर ठीक. मान उचलून शोधावं लागलं तर दस्त्याची पाठ खाली आहे आणि नेमही दर वेळी वेगळा पडेल. गालाखाली पट्टी चढवून हे सुधारतं, म्हणून यावर रायफल नापास करू नका.

बोल्ट मात्र टेबलावर नाही, खांद्याला लावूनच चालवायचा. वीस वेळा. मागे ओढलेला बोल्ट थोडा डुगडुगतो, त्यात काही नाही. पण मुठीला तिरका जोर देऊन पुढे ढकलला आणि मध्येच अडकला, तर घाईत तो तिथेच अडकणार. काही रायफलींचा बोल्ट ६० अंशांतच उचलला जातो, स्कोपखाली हाताला जागा राहते म्हणून लोक खूश असतात. पण घोड्याची स्प्रिंग चढवायचं काम तेवढंच, वाट तोकडी. म्हणून ९० अंशांच्या बोल्टपेक्षा तो उचलायला बहुधा जड लागतो. हे हातानंच कळतं.

आता डमी, म्हणजे न उडणारी नकली काडतुसं भरा, खऱ्याच वजनाची आणि आकाराची. सावकाश ढकला, जोरात ढकला, रायफल एका कुशीवर धरून ढकला. माझ्याकडे आलेल्या एका रायफलीत तिसरं काडतूस दर वेळी नाक खाली घालायचं. मॅगझिनचं प्लॅस्टिकचं ओठ एका बाजूला केसभर जास्त उघडं होतं, तेवढंच. मालकानं दोन महिने काडतुसाच्या कंपनीला शिव्या घातल्या होत्या. मॅगझिन बसवून खालून एक चापटही मारा. चापट खाऊन निसटणारं मॅगझिन झुडपातही निसटेल, आणि ते सापडायचं नाही.

माझी आवडती चाचणी कागदाच्या पट्टीची. नळी आणि दस्त्याच्या पुढच्या टोकामधून पट्टी घाला आणि मागे चेंबरकडे सरकवत न्या. सुळकन गेली की लोक थांबतात, पण खरी परीक्षा पुढे आहे. पट्टी आत असू द्या, दस्ता वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि वरून खांद्याचा भार द्या, पट्टाही हाताला गुंडाळून ताणा. आता पट्टी ओढा. एका मुलाच्या रायफलीत ती अर्ध्यावर अशी धरली गेली की फाटून अर्धीच हातात आली. पोकळ प्लॅस्टिकचा दस्ता वाकून नळीला डाव्या अंगानं टेकत होता. टेबलावर त्याच्या गोळ्या सरळ जायच्या, पट्टा ताणून बसला की पाच सेंटिमीटर उजवीकडे. तो बिचारा स्वतःच्या श्वासाला दोष देत होता. दस्त्याच्या आतून थोडं खरवडून फट वाढवली, ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाचे) दस्त्यातले स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कला कसले, आणि प्रश्न मिटला. दस्ता मुळातच फार लवचीक असेल तर मात्र खरवडून भागत नाही, बदलावा लागतो. त्याचा खर्च धरला की रायफल स्वस्त राहते का, बघा.

चाप मोजायला ताणकाटा लावा, दहा वेळा. आकडा दीड किलोच्या आसपास असला तर मी कुरकुर करत नाही. दहा आकड्यांत मोठा फरक पडला तर करतो. जड चाप हलक्या रायफलीत जास्त सतावतो, कारण बोटाच्या ओढीला विरोध करायला खाली वजनच नसतं.

सेफ्टीला सूट नाही. रिकाम्या रायफलीचा बोल्ट चढवून सेफ्टी लावा, चाप जोरानं दाबा, सोडा, मग चापाला हात न लावता सेफ्टी काढा. ‘टक्’ आवाज आला, म्हणजे घोडा आपोआप सुटला, तर ती रायफल त्याच दिवशी परत. सेफ्टी काढून बूड रबराच्या चटईवर आपटा. तेव्हा टक् झालं तरी तेच. घरी स्क्रू फिरवून बघू नका.

एवढ्यावर टिकली तर मैदानावर. कानाला आणि डोळ्याला संरक्षण आधी. नळीच्या तोंडाला ब्रेक असेल तर शेजारच्याच्या कानालासुद्धा, कारण ब्रेक धक्का कमी करतो आणि आवाज शेजाऱ्याच्या अंगावर सोडतो. थंड नळीची पहिली गोळी वेगळ्या कागदावर मारा, आणि चार वेगळ्या दिवसांच्या पहिल्या गोळ्या त्याच एका कागदावर. शिकारीला लागतो तो हा कागद. मग तीन गोळ्या, थांबा, नळी हातात धरवेल इतकी निवू द्या, पुन्हा तीन. पेन्सिलीसारखी नळी लवकर तापते आणि तापली की गोळ्या पसरतात. तो दोष नाही, हलकेपणाची किंमत आहे. दहा गोळ्यांचा पसारा तीन गोळ्यांच्या पसाऱ्याच्या सरासरी दीडपटीहून थोडा जास्त येतो, म्हणून तीन भोकांवर भाळू नका. पसारा कोनाच्या मिनिटांत मोजतात, अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट; शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे २९ मिलिमीटर. दहा गोळ्या दोन मिनिटांच्या पसाऱ्यात बसल्या तर शिकारीला माझ्या मते पुरे.

शेवटी टेबल सोडून गुडघ्यावर आणि उभ्यानं. जोडीदाराला तुमच्या नकळत खऱ्या काडतुसांत एखादं डमी मिसळायला सांगा. डमीवर नुसतं ‘टक्’ होईल आणि त्या क्षणी नळीचं तोंड खाली दचकलं, तर तुम्ही धक्क्याला घाबरताय. त्या पट्टीवाल्या मुलाच्या नळीचं तोंड तीन बोटं दचकलं. माझ्याही नळीचं दचकलं होतं, या वयात. त्यानं .३०८ देऊन टाकली आणि तेच मॉडेल .२४३ मध्ये घेतलं. .३०८ च्याच खोक्याची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) मान आवळून १९५५ साली केलेलं हे काडतूस. हरणाला पुरतं आणि धक्का जवळजवळ निम्म्यावर येतो. नव्या रायफलीत पट्टी त्यानं स्वतःच घातली, पिशवीवर भार देऊन.