शिवणीच्या फळीतला कोंबडा

सावंतवाडीच्या खेळण्यांना पूर्वी पांगारा वापरत. हलका, मऊ. पण कोरताना त्याच्या कडा चुरतात, म्हणून या कोंबड्यासाठी मी शिवणीचं लाकूड घेते: एक फूट बाय नऊ इंच, एक इंच जाड. फळी चांगली मुरलेली हवी. माझी पहिली फळी ओल्या फणसाची होती. श्रावणात कोरली, शिमग्यापर्यंत तिचा पापड झाला.

कोंबडा पेन्सिलीने काढा. शेपटीची पिसं लाकडाच्या नशीच्या, म्हणजे त्यातल्या उभ्या रेषांच्या, दिशेनेच ठेवा, आडवी ठेवली तर पटाशीखाली तुटून उडतात. भोवतालचं लाकूड दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली घ्या. गोल पटाशी, लाकडी मोगरी, हलके ठोके. पटाशी नशीविरुद्ध जायला लागली की आवाजच बदलतो, फरफर येते. तिथेच थांबा आणि पलीकडच्या बाजूने या.

आता कापड. आजीच्या फाटक्या इरकलीचा काठ मी शेपटीत घालते. तो नुसता वरून चिकटवू नका, शाळेतल्या हस्तकलेसारखा दिसतो. काठाच्या रुंदीची चर अर्धा सूत खोल कोरा आणि त्यात तो बसवा. फेविकॉल लाकडाला लावायचा, तोही पातळ. जास्त झाला तर विणीतून वर येतो आणि वाळल्यावर चकाकतो.

पायांना जळक्या पंख्याच्या मोटारीतली तांब्याची तार. चार पदर पिळायचे, पॉलिश पेपरने वरचं वॉर्निश खरवडायचं, टोकं पायांच्या जागी पाडलेल्या भोकांत खोचायची.

तुऱ्याला चिंचोक्याची खळ. गंजिफाची पानं, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या खेळातले पत्ते, ज्यावर रंगवतात, तीच. चिंचोके भाजून सालं काढा, रात्रभर भिजवा, वाटा, मंद आचेवर ढवळत शिजवा. खडूची पूड मिसळून तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. इथे घाई केली की तुऱ्याचे पोपडे निघतात. माझे दोनदा निघालेत. मग लाल रंग.

जवसाचं तेल अगदी शेवटी, बारीक ब्रशने, इरकल सांभाळत. तेलकट लाकडावर फेविकॉल धरत नाही. सांडलेलं पुसलेली चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, ती आपोआप पेटू शकते. उघड्यावर, दांडीवर एकेरी पसरून वाळवा.