अनोळखी प्रकाश-सेन्सर मल्टिमीटरने कसा ओळखावा

जुन्या बोर्डावरून काढलेला दोन पायांचा सेन्सर दिसण्यावरून ओळखू नका. ५ मिमीच्या पारदर्शक टोपीत फोटोडायोड, फोटोट्रान्झिस्टर आणि इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणारा) एलईडी अगदी सारखे दिसतात. अपवाद एलडीआरचा, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणाऱ्या रेझिस्टरचा. चपट्या तोंडावर नागमोडी पट्टा असला की तोच. उजेडात त्याचा रोध काहीशे ओहम ते काही किलोओहम भरतो, झाकला की लाखांत जातो, आणि प्रोब उलटे लावले तरी आकडा तोच येतो.

बाकीच्यांसाठी मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा आणि सेन्सर खिडकीतल्या उन्हात धरा. फोटोडायोड स्वतःच ०.३ ते ०.५ व्होल्ट देतो. काळ्या टोपीवर एलईडी टॉर्च मारून काहीच होत नाही, कारण ती टोपी दिसणारा प्रकाश अडवते आणि टॉर्चमध्ये इन्फ्रारेड जवळजवळ नसतो. चांगला सेन्सर ‘मेला’ म्हणून फेकला जातो तो इथेच. ऊन नसेल तर तारेचा जुना पिवळा बल्ब वापरा, एलईडी बल्ब नको.

आता सेन्सरवर काळी टेप गुंडाळा, पायांच्या बाजूनेही, कारण प्रकाश खालूनही शिरतो. मीटर डायोडच्या खुणेवर आणा. एका दिशेने ०.५ ते ०.७ आले तर फोटोडायोड, १.० ते १.२ आले तर इन्फ्रारेड एलईडी. एलईडीही उन्हात थोडा व्होल्टेज दाखवतो, म्हणून पहिल्या चाचणीवर थांबू नका. दोन्ही दिशांनी ‘ओएल’ (मापाबाहेर, म्हणजे प्रवाह जात नाही) आले तर फोटोट्रान्झिस्टरचा संशय घ्या.

खात्रीसाठी टेप काढून रोध मोजा. फोटोट्रान्झिस्टरचा रोध उन्हात एकाच दिशेने धाडकन उतरतो. तेव्हा डिजिटल मीटरचा लाल प्रोब ज्या पायाला, तो कलेक्टर (धन बाजूचा पाय), दुसरा एमिटर. काट्याच्या मीटरमध्ये रोध मोजताना बहुधा काळा प्रोब धन असतो, तिथे उलटे समजा. दोन्ही पाय बोटांनी दाबून धरू नका, नाहीतर अंगाचाच रोध मोजला जाईल.

मग कलेक्टर ५ व्होल्टला जोडा, एमिटर १० किलोओहममधून ग्राउंडला. उन्हात त्या रेझिस्टरवर जवळपास पूर्ण ५ व्होल्ट दिसायला हवेत.

तीन पायांचा आणि पुढे फुगीर भिंग असलेला काळा ठोकळा बहुतेक रिमोटचा रिसीव्हर असतो. त्याला या चाचण्या लागू नाहीत. पायांचा क्रमही अंदाजाने धरू नका: भिंग आपल्याकडे ठेवून डावीकडून टीएसओपी१७३८ मध्ये ग्राउंड, सप्लाय, आउटपुट, टीएसओपी३८२३८ मध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय.