रंग बघून चहा घेऊ नका: सुट्या चहाची पारख करताना होणाऱ्या चुका

सुटा चहा विकणाऱ्या दुकानात चार-पाच बरण्या मांडलेल्या असतात आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रंग कुठल्याला जास्त येतो?" चुकीची सुरुवात इथेच होते. चहाच्या सगळ्या गुणांमध्ये गडद रंग मिळवणं सर्वात सोपं आहे. जुना, फार आंबलेला, जास्त भाजलेला चहाही भरपूर रंग देतो. चव देईलच असं नाही.

आपल्याकडे घरोघरी उकळतो तो बहुतेक सीटीसी चहा, म्हणजे दातेरी रोलरमधून चिरडून, फाडून, गोळी करून वाळवलेला. तो आसाम, उत्तर बंगालातलं डुआर्स, दक्षिण आसामातलं काचार किंवा निलगिरीकडून येतो. पुढच्या चुका मुख्यतः याच चहाबद्दलच्या आहेत. पानाच्या गुंडाळ्या असलेल्या ऑर्थोडॉक्स चहाचे नियम थोडे वेगळे, ते शेवटी येतील.

गडद रंगाला 'कडक' समजणं

पान चिरडल्यावर त्यातल्या कॅटेचिन नावाच्या तुरट द्रव्यांचा हवेशी संयोग होतो (चहाचं 'आंबणं' ते हेच) आणि दोन प्रकारची द्रव्यं तयार होतात. थिअफ्लेविन सोनेरी-नारिंगी असतं. चहाची झळाळी आणि तोंडात जाणवणारी तरतरी मुख्यतः त्याच्यामुळे येते. थिअरुबिजिन तांबूस-तपकिरी असतं, ते गडदपणा आणि भरीवपणा देतं. चहात दोन्ही हवीत, आणि त्यांचं प्रमाण साधारण एकास दहाच्या आसपास असलं तर चहा जमला असं मानतात. कारखान्यात चिरडलेलं पान गरजेपेक्षा जास्त वेळ किंवा जास्त उष्णतेत पसरून ठेवलं, की थिअफ्लेविन मोडत जातं आणि थिअरुबिजिन वाढत जातं. कप जास्त काळपट दिसतो आणि चहा मात्र मेलेला असतो.

म्हणून कपात रंग किती आहे हे न बघता रंग जिवंत आहे का ते बघा. पांढऱ्या कपात कोरा चहा ओतून खिडकीपाशी न्या. चांगल्या आसामचा रंग तांबूस, स्वच्छ आणि झळाळता दिसतो, कपाच्या कडेला सोनेरी वलय उमटतं. मंद चहा तपकिरी किंवा काळपट दिसतो, त्याची कडही तपकिरीच असते. ट्यूबलाइटखाली किंवा स्टीलच्या पेल्यात हा फरक कळत नाही.

रंगावर विसंबू नये याचं आणखी एक कारण घरीच पडताळता येतं. एकाच चहाचे दोन कप घ्या. एकात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, दुसऱ्यात लिंबाचे दोन थेंब. पहिला काळाकुट्ट होईल, दुसरा फिका पिवळट. पत्ती तीच, चहाही तोच.

पातेल्यात दूध-साखर घालून तुलना करणं

आलं, वेलची, साखर आणि दूध घालून दहा मिनिटं उकळलेल्या चहावरून पत्तीची पारख होत नाही. साखर तुरटपणा झाकते, आलं वास झाकतं आणि लांबलचक उकळीत सगळेच चहा एकसारखे कडू होतात. चहाची चव घेऊन प्रत ठरवणारे तज्ज्ञ सगळीकडे एकच शिस्त पाळतात: वजन ठरलेलं, पाणी ठरलेलं, वेळ ठरलेली. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असं माप आहे.

घरी असं करा. एकसारखे पांढरे कप किंवा वाट्या घ्या. प्रत्येकीत ३ ग्रॅम चहा मोजून टाका. नुकतंच खळखळून उकळलेलं १५० मिलिलिटर पाणी ओता, बशी झाका आणि घड्याळ लावून ५ मिनिटं थांबा. मग बारीक गाळणीतून दुसऱ्या पांढऱ्या कपात पूर्ण निथळू द्या. चोथा गाळणीतच राहू द्या, तो पुढे लागणार आहे. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा इथे फार उपयोगी पडतो, कारण चमच्याचं माप फसवतं: एक चमचा बारीक डस्ट (भुकटीसारखा चहा) आणि एक चमचा जाड दाणा यांचं वजन सारखं भरत नाही. अनेकदा 'हा चहा कडक आहे' याचा अर्थ एवढाच असतो, की चमच्यात तो जास्त मावला.

एकटा चहा चाखून निकाल देऊ नका. ओळखीचा, रोजचा एक चहा नेहमी शेजारी ठेवा.

कडू, तुरट आणि तरतरीत यांची गल्लत

चहा कोमट झाला की चमचाभर घेऊन जोरात सुर्र करून ओढा, म्हणजे तो हवेसह सगळ्या जिभेवर पसरतो आणि वास नाकापर्यंत जातो. तरतरीत चहा हिरड्यांना आणि गालांच्या आतल्या बाजूला क्षणभर आवळतो, मग तोंड स्वच्छ होतं. कडू चहाची चव जिभेच्या मागे रेंगाळते. कच्चा, हिरवट तुरटपणा तिसराच: कच्चं केळं चावल्यासारखं तोंड धरतं आणि सुटत नाही. पान नीट कोमेजू दिलं नाही किंवा आंबणं अर्धवट राहिलं, की तो येतो. बरेच जण यालाच जोरदार चहा समजतात. दुधात तो थोडा दबतो खरा, पण घोट संपल्यावर पुन्हा जाणवतो.

बाकीचे दोष ओळखायला सोपे आहेत. जळकट वास म्हणजे ड्रायरमध्ये उष्णता जास्त लागली. धुरकट वास म्हणजे बहुधा भट्टीचा धूर गळून पत्तीपर्यंत पोचला. शिजवलेल्या भाजीसारखी मऊ, बेजान चव ड्रायरचं तापमान कमी पडल्याने येते: पान वाळण्याऐवजी वाफेत शिजतं. पाण्यासारखा सपाट घोट जुन्या किंवा ओल लागलेल्या चहाचा. कुबट वास आला तर तुलना थांबवा, तो चहा पिऊ नका.

यानंतर दूध घालायचं, पण १५० मिलिलिटरला अर्धा चमचा इतकंच. जोमदार आसाम दुधात उजळ सोनेरी-नारिंगी होतो. हलका चहा करडा किंवा मातकट दिसतो. माझ्या मते घरगुती वापरासाठी यापेक्षा खात्रीची चाचणी नाही, कारण आपण शेवटी दुधाचाच चहा पिणार असतो.

थंड झाल्यावर गढुळलेला चहा खराब समजणं

कोरा चहा निवल्यावर त्यावर धूसर, दुधाळ झाक येते आणि लोक तो भेसळीचा म्हणून ओतून देतात. प्रत्यक्षात कॅफिन आणि थिअफ्लेविनासारखी द्रव्यं निवताना एकमेकांना धरून बाहेर पडतात, त्याचा हा गढुळपणा. चहाच्या धंद्यात याला 'क्रीम डाउन' म्हणतात आणि ते जोमदार आसामचं लक्षण मानलं जातं. खात्री करायची तर कप पुन्हा गरम करा, चहा नितळ होईल. चहाची भुकटी गाळणीतून उतरली असेल, तर मात्र गरम करूनही गाळ तळाशी राहतो. निलगिरीचे चहा सहसा असे गढुळत नाहीत, म्हणून आइस टीसाठी ते पसंत केले जातात.

चोथा न बघता फेकणं

गाळणीतला चोथा पांढऱ्या बशीत उलटा आणि गरम असतानाच बघा, हुंगा. चांगल्या सीटीसीचा चोथा नव्या तांब्यासारखा उजळ आणि एकरंगी असतो. हिरवट झाक म्हणजे आंबणं कमी पडलं. काळसर, मंद तपकिरी म्हणजे ते जास्त झालं किंवा भाजणं चुकलं. निम्मा तांबूस आणि निम्मा हिरवट-काळा असेल तर मिश्रण बेमेल आहे, किंवा कोवळ्या पानांत जून पानं गेली आहेत. कपात सगळं ठीक वाटतं आणि दोष चोथ्यात सापडतो, असं वरचेवर होतं.

दाणा जाड म्हणजे चहा उंची

बीओपी, बीपी, पीएफ, डस्ट ही नावं चाळणीवर ठरतात. ती दाण्याचा आकार सांगतात, प्रत सांगत नाहीत. एकाच दिवशी, एकाच पानातून जाड दाणाही निघतो आणि डस्टही. बारीक चहा लवकर आणि जास्त उतरतो, म्हणून टपरीवाल्याला तो परवडतो. जाड दाणा सावकाश उतरतो आणि उकळी सहन करतो. चांगल्या मळ्याचं डस्ट सामान्य मळ्याच्या जाड दाण्याला सहज मागे टाकतं.

कोरड्या पत्तीत खरं बघायचं ते असं. दाणे एकसारखे, गोल, टणक आणि तपकिरी-काळे असावेत, त्यांवर मंद तकाकी असावी. राखाडी दिसणारा चहा चाळताना आणि हाताळताना जास्त घासला गेलेला असतो, वरचा तुकतुकीत थर निघून जातो. तांबूस काड्या आणि केसांसारखे तंतू म्हणजे जून पान आणि देठ. दुकानदार त्यांना 'सोनेरी कळ्या' म्हणून दाखवतात. ऑर्थोडॉक्स चहात सोनेरी टोकं खरोखर कळीची असतात, सीटीसीत दिसतो तो बहुधा देठाचा तंतू. तपासायला प्लॅस्टिकची पट्टी कोरड्या लोकरी कापडावर जोरात घासा आणि कागदावर पसरलेल्या चहावर दोन-तीन सेंटिमीटर उंच धरा. तांबूस तंतू उडून पट्टीला चिकटतात, जड दाणे जागीच राहतात. कारखान्यातले तंतू काढायचे रोलर याच तत्त्वावर चालतात. पावसाळ्यात दमट हवेत मात्र हा प्रयोग फसतो.

दाणा दोन बोटांत दाबा. कोरडा चहा कुरकुरत मोडतो. नुसता दबला तर ओल धरली आहे. कारखान्यातून चहा साधारण ३ टक्के ओलाव्यावर निघतो. ७ टक्क्यांच्या पुढे गेला की चव पडते, पुढे बुरशीचा धोका. शेवटी मूठभर पत्ती घेऊन तिच्यावर तोंडाची गरम वाफ सोडा आणि लगेच हुंगा. साबण, धूप, मिरची, पोत्याचा वास असं जे काही चहाने शोषलं असेल ते इथे उघड होतं.

थंड पाण्यात रंग सुटला म्हणजे भेसळ?

ही चाचणी व्हिडिओंमधून सर्वत्र पसरली आहे आणि ती अर्धवट आहे. बारीक डस्ट निर्भेळ असला तरी थंड पाण्यात थोड्या वेळात रंग सोडतोच. त्याऐवजी ओल्या कागदाची चाचणी करा: गाळणकागदावर थोडी पत्ती पसरा, पाणी शिंपडून ओली करा, जरा वेळाने पत्ती काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. चांगल्या चहाचा डाग जवळजवळ राहत नाही. रंग लावलेल्या किंवा वापरून पुन्हा वाळवलेल्या पत्तीचे गडद काळपट-तपकिरी डाग राहतात. लोखंडी कणांसाठी पसरलेल्या चहावरून लोहचुंबक फिरवा. रोलरचे दात झिजतात, त्यामुळे तुरळक कण सापडणं नवल नाही. चुंबकाला दाट थर चिकटला तर तो चहा परत करा. घरच्या चाचण्या संशय घ्यायला पुरतात, निकाल प्रयोगशाळेचा. भारतीय अन्नमानकांनुसार चहात पाण्यात उतरणारा अंश किमान ३२ टक्के लागतो. वापरलेली पत्ती नेमकी इथे नापास होते.

दुकानात छान, घरी बेचव

आधी पाणी तपासा. बोअरच्या जड पाण्यात चहा काळवंडतो, चव बोथट होते आणि वर तेलकट दिसणारी पातळ साय येते. ती तेलाची नसते: पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं मिळून तयार होते. तोच चहा जड पाण्यात आणि फिल्टरच्या पाण्यात एकाच वेळी करून बघा. फिल्टरच्या पाण्यात उजळला, तर पत्ती बदलायची गरज नाही.

पाणी ठीक असेल तर डबा तपासा. कोकण-गोव्यात जुलैत उघड्या बरणीतला चहा बघता बघता ओल धरतो. पावसाळ्यात पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नका. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये अजिबात नको, तिथे वासही लागतो आणि डबा बाहेर काढला की आत दवही धरतं. ओला चमचा डब्यात घालणं हे चहा बिघडण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

एक कारण दुकानदाराच्याही हातात नसतं. आसामात जूनच्या सुमाराची दुसरी बहार (पानांची नवी फूट) सर्वात भरीव असते. पावसातलं पान भरपूर येतं, पण पातळ. डिसेंबर ते फेब्रुवारी तोडणी जवळपास बंद असते. त्यामुळे त्याच नावाचा सुटा चहा वर्षभर एकसारखा राहत नाही. नव्या खेपेचा आधी १०० ग्रॅमचा नमुना घ्या.

दार्जिलिंगला आसामची फूटपट्टी

दार्जिलिंग हा ऑर्थोडॉक्स चहा. मार्च-एप्रिलच्या पहिल्या बहारीचा दार्जिलिंग फिका पिवळा-नारिंगी उतरतो, चोथ्यात हिरवी झाक असते आणि दुधात तो पार हरवतो. हे दोष नाहीत. त्याचं पान आधी खूप कोमेजवतात, म्हणजे त्यातलं पाणी बरंच उडवतात, त्यामुळे पान पूर्ण आंबतच नाही. त्याचं मोल वासात आहे. तो उकळू नका: २ ग्रॅम पत्ती, १०० मिलिलिटर पाणी, तीन मिनिटं, दूध नाही. पत्तीच्या गुंडाळ्या घट्ट आणि अखंड असाव्यात. पाकिटात तळाला चुरा साचला असेल तर तो चहा लवकर उतरतो आणि कडू होतो, मग भाव कितीही चढा असो.