टोपी चढवण्याआधी : मुलांच्या ईईजी अभ्यासाची तयारी

मुलांच्या मेंदूलहरींची नोंद, म्हणजे ईईजी, घ्यायची म्हटलं की नवीन माणूस आधी यंत्राकडे धावतो. माझं सांगणं आहे, यादीची सुरुवात आदल्या दिवशीच्या फोनपासून करा. घरात जी व्यक्ती मुलाची वेणीफणी करते तिच्याशीच बोला. आज रात्री शाम्पूने केस धुवा, कंडिशनर नको, पूर्ण वाळवा आणि उद्या सकाळी तेलाचा थेंबही लावू नका. आपल्याकडे बाळाची टाळू रोज तेलाने भरतात, शाळेतल्या मुलींच्या वेण्या तेल चोपडूनच घातल्या जातात. बाहेर जायचं म्हणून तर जरा जास्तच. लहरी टिपणारे इलेक्ट्रोड टोपीत बसवलेले असतात; तेलाच्या थरावर त्यांचा कातडीशी संपर्क नीट होत नाही आणि मग नोंदीत नुसता गोंगाट येतो. म्हणून हे एकदा नव्हे, दोनदा सांगा. क्लिपा, गजरा, घट्ट वेण्या नकोत. कपडे पुढून उघडणारे असू द्या, म्हणजे टोपी घातलेली असताना डोक्यावरून काही ओढावं लागत नाही.

वेळ मुलाच्या झोपेवरून ठरवा, आपल्या सोयीवरून नाही. झोप झालेलं, पोट भरलेलं बाळ वीस मिनिटं छान बसतं. भुकेलं बाळ तीन मिनिटंही बसणार नाही. बाळांच्या अभ्यासांत निम्म्याच्या आसपास नोंदी वाया जातात, हे नियोजन करतानाच गृहीत धरा. पण त्याकडे नुसतं नुकसान म्हणून पाहू नका. रडणारी, चुळबुळी, दाट केसांची मुलं गळत गेली की अभ्यासात फक्त शांत मुलं उरतात आणि निष्कर्ष मात्र सगळ्यांच्या नावाने निघतो. गळलेल्या प्रत्येक मुलाचं वय आणि गळण्याचं कारण लिहून ठेवा. पुन्हा यायचं आमंत्रणही द्या. दुसऱ्या खेपेला बरीच मुलं रुळलेली असतात.

संमतीपत्र मराठीतच हवं आणि ते वाचून दाखवायला माणूस हवा. नैतिकता समितीची मंजुरी आधी हातात असायला हवी, हे वेगळं सांगायला नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते अकरा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा वर्षांपासून पुढे लेखी सहमतीही घ्यायची असते. पाच वर्षांच्या मुलालाही मी विचारतेच, आणि ते ‘नको’ म्हणालं तर आईने कितीही आग्रह केला तरी टोपी घालत नाही. पालकांचा एक प्रश्न हमखास येतो, ‘आमचा हुशार आहे का, कळेल का यातून?’ नाही कळणार. हा अभ्यास अनेक मुलांच्या सरासरीवर उभा असतो, एका मुलाचं निदान त्यातून होत नाही. मात्र नोंदीत फिटसारखं काही दिसलं तर ते कोणत्या बालमेंदूतज्ज्ञाला दाखवायचं, हे पहिल्या मुलाआधी ठरलेलं हवं.

आता खेळाचं साहित्य, म्हणजे चाचणी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. परदेशी चित्रसंच जसाच्या तसा वापरलात तर मूल बर्फाच्या माणसाकडे आणि भिंतीतल्या शेकोटीकडे बघत राहील आणि त्याच्या मेंदूत उमटेल ते अनोळखीपण. मग त्यालाच आपण भाषेचा विकास म्हणून मोजणार! शब्दाचा अर्थ लावण्याची प्रक्रिया पाहायची तर एन-400 ही लहर उपयोगी पडते. वाक्यात न जुळणारा शब्द आला की त्यानंतर साधारण 400 मिलिसेकंदांनी ती ठळक होते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी 1980 मध्ये ती दाखवली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही आपली मोठी सोय. ‘गाय गवत खाते’ आणि ‘गाय गवत शिवते’ यांत शेवटच्या शब्दापर्यंत सगळं सारखंच राहतं. वाक्यं मात्र मुलाच्या ओळखीच्या बोलीत, ओळखीच्या वेगात रेकॉर्ड करा. वऱ्हाडातल्या मुलाला पुस्तकी पुणेरी आवाज ऐकवून त्याची भाषा मोजू नका. प्रत्येक प्रकारची किमान साठ वाक्यं ठेवा, कारण हालचालीमुळे निम्मी तरी टाकावी लागतात. शब्द नेमका कुठल्या क्षणी सुरू होतो याची खूण ईईजीत बरोबर पडते का, हे स्पीकरजवळ माइक आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रकाशसंवेदक लावून तपासा. तीस मिलिसेकंदांची चूक डोळ्यांना दिसत नाही, आलेखात दिसते.

जन्मतारीख अचूक लिहून घ्या, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर किती आठवड्यांचं तेही. कारण लहरींचा वेग वयाबरोबर बदलतो. डोक्याच्या मागच्या भागातला मुख्य ताल वर्षाच्या बाळात सेकंदाला सहाच्या आसपास असतो, तीन वर्षांच्या मुलात आठ, दहाव्या वर्षी दहा. मोठ्यांमध्ये याच तालाला अल्फा म्हणतात; त्याची 8 ते 13 हर्ट्झची (सेकंदाला तितक्या लहरींची) पट्टी बाळाला लावली तर त्याचा खरा ताल पट्टीबाहेरच राहील. घरची माहितीही तितक्याच काळजीने भरा. रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या 136 मुलांचा अभ्यास 2000 साली सुरू झाला. संस्थेत वाढणाऱ्या मुलांमध्ये संथ लहरी जास्त आणि अल्फा कमी दिसला. त्यांतली जी दोन वर्षांची होण्याआधी पालक-कुटुंबात (त्यांना सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबात) गेली, त्यांचा अल्फा आठव्या वर्षी कुटुंबातच वाढलेल्या मुलांच्या जवळ आला होता. मूल कुटुंबात कधी गेलं ही नोंद नसती, तर हा फरक हाती लागलाच नसता.

खोलीचं थोडक्यात. मोबाइलचे चार्जर काढा, इन्व्हर्टर आणि ट्यूबलाइटपासून दूर बसा, नाहीतर 50 हर्ट्झची वीज नोंदीत शिरते. लॅपटॉप शक्यतो बॅटरीवर. पंखा, एसी आधी बंद करून पाहा, मग ठरवा.

डोक्याचा घेर टेपने मोजा आणि शेजारच्या मापाची टोपीही हाताशी ठेवा. टोपीऐवजी स्पंजच्या इलेक्ट्रोडची जाळी असेल तर ती भिजवायला कोमट पाण्यात पोटॅशियम क्लोराइड आणि बेबी शाम्पूचे काही थेंब. पाणी गार पडलं की बाळ दचकतं. टोपी आधी बाहुलीला घाला, मग आईला दाखवा, मग मुलाला. एकाने साबणाचे फुगे उडवायचे, दुसऱ्याने मागून हलक्या हाताने टोपी बसवायची; या दोन कामांना दोन माणसं लागतातच. बाळ आईच्या मांडीवर असेल तर आईला आधीच सांगा, बोलू नका, मांडी हलवू नका, काही ‘चुकीचं’ होतंय असं वाटलं तरी आमच्याकडे बघा. चोखणी आणि बिस्कीट टाळा, जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठी असते. मूल कधी हललं, कधी डोळे चोळले, कधी हसलं, हे तिसऱ्या माणसाने वेळेसकट लिहावं. व्हिडिओ असला तरी ही वही ठेवाच.

कोमट पाणी, मऊ टॉवेल, कंगवा आणि कोरडा झगा हे दाराशी तयार ठेवा, म्हणजे ओल्या केसांनी कुणाला एसीत बसावं लागणार नाही. इलेक्ट्रोडखालचं जेल पुसून झालं की आजीला सांगा, आता रात्री खुशाल टाळू भरा.